ओठाच्या मलमाची गोष्ट

ब्रिस्बेन, ऑगस्ट

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

जुलैत तू यायचं म्हणालीस आणि मी फोनवर तुटक "नको" म्हणून ठेवून दिला. त्याचा राग अजून गेलेला नाही, हे आईकडून कळतं. महिनाभर माझा कॅमेराही बंद होता. आता सगळं सांगतो. तेव्हा सांगितलं असतं तर पाचव्या महिन्यात तू रात्र रात्र जागली असतीस.

माझा खालचा ओठ दोन-तीन वर्षं कोरडाच असायचा. साल निघायची, पुन्हा यायची. आई म्हणाली तूप लाव, लावलं. आजीची आठवण काढून बेंबीत तेलही घालून झालं. पुढे ओठाची कड पुसट झाली. ओठ कुठे संपतो आणि कातडी कुठे सुरू होते ते आरशात कळेना, आणि मधोमध एक पांढुरका, खरखरीत डाग आला. स्किनच्या डॉक्टरीणबाईंनी बोटाने चाचपून पाहिलं आणि चिमूटभर तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर नव्हता. त्याच्या वाटेवरच्या पेशी होत्या, उन्हाने बिघडलेल्या. नाव 'ॲक्टिनिक कायलायटिस'. पहिला प्रश्न तंबाखूचा आला. नाही म्हटल्यावर विचारलं, उन्हात किती वर्षं?

काय सांगणार? तीस वर्षं शनिवारी क्रिकेट, आधी खेळाडू म्हणून, नंतर अंपायर म्हणून. 'आपल्याला कसलं ऊन लागतंय, ते गोऱ्यांचं दुखणं' असं मी छातीठोकपणे म्हणायचो. आपल्या लोकांत हे कमी दिसतं हे खरंच, पण आजीचे घारे डोळे आणि उन्हात काळं न होता लाल होणारी कातडी मला मिळालीय, हे मी हिशोबातच धरलं नव्हतं. त्यातून ओठाची त्वचा पातळ, तिच्यात रंगद्रव्य अगदी थोडं. वरचा ओठ थोडा सावलीत असतो, खालचा आभाळाकडे तोंड करून बसलेला. इथे उन्हाळ्यात यूव्ही इंडेक्स, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा आकडा, बाराच्या वर जातो, आणि तीनपासूनच जपा असं इथली कॅन्सर कौन्सिल सांगते. 1981 पासून टीव्हीवर 'स्लिप, स्लॉप, स्लॅप' (शर्ट घाला, सनस्क्रीन लावा, टोपी चढवा) म्हणत नाचणारा तो सीगल तुला पाठ होता. तुझ्या शाळेच्या टोपीवरून मी आरडाओरडा करायचो. स्वतःच्या ओठाला मात्र कधी काही लावलं नाही. कातडीच्या कॅन्सरने आजारी असलेले क्रिकेट समालोचक रिची बेनो गेले तेव्हा, 2015 साली, 'तरुणपणी टोपी घातली नाही' ही त्यांची खंत मी तुलाच वाचून दाखवली होती. बघ म्हणजे.

उपाय बरेच होते: लेझर, प्रकाशाने करायचे उपचार, नाहीतर ओठाचा वरचा थर कापून काढणं. आमचं ठरलं मलमावर, पाच टक्के फ्लोरोयुरॅसिल, दिवसातून दोनदा, तीन आठवडे. औषध कसं चालतं हे कळल्याशिवाय मी ते ओठाला लावणार नाही, हे तुला ठाऊक आहे. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया आला होता ना, तसा हा युरॅसिलचा, म्हणजे पेशीला लागणाऱ्या एका घटकाचा, तोतया. 1957 मध्ये विस्कॉन्सिनच्या चार्ल्स हायडलबर्गर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरॅसिलला फ्लोरिनचा एक अणू चिकटवून तो तयार केला. पेशी त्याला खरा समजून आत घेते. डीएनएचा कच्चा माल बनवणारं तिचं एन्झाइम त्याच्यात अडकून पडतं आणि पेशीला दुभंगता येत नाही. भराभर वाढणाऱ्या बिघडलेल्या पेशी आधी मरतात.

पहिले चार दिवस काहीच नाही. मला वाटलं ट्यूब जुनी असावी. पाचव्या दिवशी ओठ लाल, दहाव्याला सुजून भेगाळला, बाराव्याला खपल्या आणि रक्त. आरशात साधा दिसणारा भागही पेटला; बिघाड तिथेही होता म्हणायचा. मी घाबरून दवाखान्यात फोन केला. नर्स शांतपणे म्हणाली, छान, लागू पडतंय. आमटी बंद, लोणचं बंद, ताकसुद्धा झोंबायचं. आईने मऊभात गार करून करून दिला.

तुला नको म्हणालो ते या ट्यूबमुळे. गरोदरपणात हे मलम चालत नाही, चुकून हातही लागायला नको अशी ताकीद होती. घरात त्याच उश्या, तेच नॅपकिन, आणि तू आल्या आल्या गळ्यात पडणार. कुत्र्यालाही ते विषच, चाटलं तर जिवावर बेततं. म्हणून ढब्बूची रवानगी महिनाभर शेजारच्यांकडे केली. त्याने निदान कारण विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी मलम थांबवलं, नुसती पेट्रोलियम जेली लावत राहिलो. पुढच्या तीन आठवड्यांत खपल्या पडून खाली गुलाबी, मऊ ओठ आला, आणि गेलेली कडही परत आली. हे पुन्हा उद्भवू शकतं, म्हणून ठरावीक महिन्यांनी दाखवायचं आहे. उरलेली ट्यूब केमिस्टला परत दिली, उशांचे अभ्रे बदलले. आता खुशाल ये. ढब्बूही परतलाय.

आणखी एक. त्या महिन्यात फोनवरही मी गप्प गप्प असायचो. प, फ, ब, भ, म म्हणायला ओठ मिटावे लागतात, हे साठी उलटल्यावर कळलं. मिटले की खपली फुटायची. तू बाळासाठी नावं विचारलीस तेव्हा 'ईशा' आणि 'तारा' एवढंच बोललो आणि तू म्हणालीस, बाबांना उत्साहच नाही.

मनात 'मैत्रेयी' होतं.

तुझा,
बाबा