काळ्या ड्रेसचा कस शिलाईत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

काळा ड्रेस कधीच जुना होत नाही, असं आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचलं. ते खरंच आहे. पण पुढे सोनेरी पट्टा, लोंबते कानातले, टिकल्यांची लेस अशी यादी आली आणि राहवलं नाही. मी भुसावळला बायकांचे कपडे शिवते. काळ्यावर जितकं चढवाल तितका तो ड्रेस बिघडतो.

१९२६ साली अमेरिकेतल्या ‘व्होग’ मासिकाने पॅरिसच्या फॅशन डिझायनर कोको शनेल यांच्या काळ्या ड्रेसचं चित्र छापलं आणि त्याला फोर्डच्या मोटारीची उपमा दिली, म्हणजे सगळ्यांना चालेल असा. तिकडे तोवर काळा म्हणजे मुख्यतः सुतकाचा रंग. तो ड्रेस अगदी सरळ होता, बाह्या लांब. पुढे १९६१ च्या ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’ चित्रपटात नटी ऑड्री हेपबर्नने घातला तो काळा ड्रेस फ्रेंच डिझायनर जिव्हाँशी यांचा. त्यासाठी शिवलेला एक ड्रेस २००६ मध्ये लंडनच्या लिलावात चार लाख पौंडांच्या वर गेला, आणि पैसा कोलकात्याकडच्या गरिबांच्या कामाला दिला गेला. मोती होते ते तिच्या गळ्यात, कापडावर टिकलीसुद्धा नाही!

काळ्यात आतल्या चुण्या लपतात, कडेची रेघ लपत नाही. खांदा अर्धा इंच उतरला तरी रस्त्यापलीकडून कळतं. म्हणून लेसचे पैसे फिटिंगला द्या, मुंढा (बाही जोडतात तो भाग) नीट बसेपर्यंत टेलरचं डोकं खा. कापड घेताना तागा दुकानाच्या दारात उन्हात न्या. ट्यूबलाइटखाली सगळे काळे सारखेच दिसतात, बाहेर एक निळसर निघतो, दुसरा तपकिरी. अस्तरही तिथेच जुळवून घ्या. इस्त्री कायम उलट्या बाजूने. शिवणीवर एकदा चकाकी आली की ती जाता जात नाही. (रात्री काळ्या कापडावर काळा दोरा उसवायला लागला की डोळ्यांचं काय होतं, ते आम्हालाच माहीत.)

त्या लेखात आपल्या उन्हाचा तर पत्ताच नाही. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा अंगाला चिकटणारा सिंथेटिक क्रेप कोण घालणार? केंब्रिकचं सुती कापड घ्यावं, मलमलचं अस्तर लावावं, कमरेखाली जरा घेर ठेवावा.

माझी एक गिऱ्हाईक बँकेत आहे. कामावर जाताना तिच्या काळ्या ड्रेसवर घड्याळ आणि साध्या सपाट चपला. संध्याकाळी कार्यक्रम असला की आजीची बोरमाळ, जळगावच्या सराफ बाजारात घडवलेली. बाकी काही नाही. तिच्याकडे बघून बाकीच्या बाया माझ्याकडे येतात. तिच्या सासूबाई मात्र म्हणायच्या, ‘संक्रांत सोडून काळं कशाला?’ संक्रांतीला चंद्रकळा चालते, बोरन्हाणाला तान्ह्या बाळाला काळं झबलं चालतं, मंगळसूत्राचे मणी तर बारा महिने काळेच. मी तेवढं बोलल्यावर त्यांनी विषय सोडला, आणि जाता जाता स्वतःच्या ब्लाउजचं माप देऊन गेल्या.

पुढच्या पुरवणीत कापड, उंची आणि अस्तर यांवर लिहा. आणि खिशावरही. तयार ड्रेसला खिसा नसतो, म्हणून मुली माझ्याकडे घेऊन येतात. बाजूची शिवण उसवून खिसा बसवता येतो, वरून दिसतही नाही. फक्त मोबाइल मावेल एवढा खोल करायला सांगा.

आपली,
एक वाचक, भुसावळ