नेत्रपेढीतील त्या ताईंस

आदरणीय ताई,
स. न. वि. वि.

त्या रात्री तुमचे नाव विचारायचे राहून गेले आणि नंतर नेत्रपेढीत फोन करून ते विचारणे मला प्रशस्त वाटले नाही, म्हणून हे अनावृत पत्र. जुलैच्या पावसात, मध्यरात्र उलटून गेल्यावर, पुण्याच्या कसबा पेठेतील एका वाड्याचा काळोखा लाकडी जिना चढून तुम्ही हातात बर्फाची पेटी घेऊन आलात, त्या माझ्या मित्राच्या डोळ्यांसाठी.

तो मुद्रितशोधक होता. माझा छापखाना होता आणि चाळीस वर्षांत त्याच्या लाल शाईखालून गेल्याशिवाय आमचा एकही फर्मा यंत्रावर चढला नाही. लग्नपत्रिका असो, दुधाचे बिल असो की देवळातील सूचना, त्याची नजर आधी वेलांट्यांवर जाई. (लोकांना त्याचा रागही येई, मलाही अनेकदा आला.) दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, त्यात मधुमेह, त्यामुळे आपले डोळे कुणी घेणार नाही अशी त्याची समजूत होती, तरीही नेत्रदानाचे संकल्पपत्र त्याने भरून पाकिटात ठेवले होते.

फोनवरचा शांत आवाज तुमचाच होता, हे तुम्ही आल्यावर कळले. पंखा बंद करा, पापण्या मिटून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवा, डोके उशीवर थोडे उंच ठेवा, डॉक्टरांचा दाखला काढून ठेवा, सहा तासांच्या आत आम्हाला पोहोचायचे आहे, असे तुम्ही एकेक करून सांगत गेलात आणि हातपाय गळालेल्या त्या घरात प्रत्येकाला काहीतरी काम मिळाले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया किंवा मधुमेह नेत्रदानाच्या आड येत नाही, बाहेरचे पारदर्शक पटल चांगले असले म्हणजे झाले, हे ऐकल्यावर त्याला उठवून सांगावेसे वाटले.

एका वृद्ध नातेवाइकांनी, डोळे काढले तर पुढच्या जन्मी माणूस आंधळा होतो, असा जुना मुद्दा काढला. तुम्ही वाद घातला नाहीत. ‘चेहरा आहे तसाच दिसेल, आजोबा. वीस मिनिटांनी तुम्हीच बघा,’ एवढेच म्हणालात. त्यांनी नंतर खरोखर जवळ जाऊन पाहिले, आणि मग ते काही बोलले नाहीत.

परंतु हे पत्र मुख्यतः वहिनींच्या सहीसाठी तुम्ही पुढे केलेल्या संमतिपत्राबद्दल आहे. त्याची स्वतःची इच्छा लेखी असली तरी संमती घरच्यांनीच द्यावी लागते; साक्षीदार म्हणून दुसरी सही माझी होती. त्या कागदावर ‘मृत्यु’ असे ऱ्हस्व छापलेले होते. मी भान हरपल्यासारखा टेबलावरचे त्याचे लाल पेन उचलले, उकार दीर्घ केला आणि समासात पुढे शब्द आला तर मात्र ऱ्हस्व, म्हणजे ‘मृत्युपत्र’, साहित्य महामंडळाचे 1962 चे नियम आहेत, असे तुम्हालाच समजावू लागलो. शेजारच्या खोलीत तो पडलेला, तुमच्या हातात घड्याळाशी बांधलेले काम आणि समोर एक म्हातारा ऱ्हस्वदीर्घ शिकवतो आहे! तुम्ही मला थांबवले नाहीत. माझे बोलणे संपेपर्यंत उभ्या राहिलात, मग ‘काका हेच काम करायचे का?’ असे विचारलेत आणि तो कागद तसाच, लाल खुणेसह, फाइलमध्ये ठेवलात. त्या दिवशी मी रडलो तो त्यानंतर.

पटले कोणाला बसवली हे गुप्त राहते आणि ते योग्यच आहे. आम्ही विचारणार नाही.

महिन्याभराने नेत्रपेढीचे आभाराचे पत्र आले. वहिनींनी चष्मा लावून त्यातला तोच शब्द आधी शोधला. तो दीर्घ आहे. ही दुरुस्ती कोणी सुचवली हे त्यात लिहिलेले नाही, पण आम्ही दोघांनी ती तुमच्या नावे जमा केली आहे.

आपला कृतज्ञ,
त्याचा मित्र