फौजेतून पेन्शन आलेल्यांनो, डेंटल पॉलिसीवर सही करायच्या आधी

संपादक साहेब, जय हिंद.

तुमच्या पेपरात मागे निवृत्तांच्या हेल्थ इन्शुरन्सवर जे पान आलं ते वाचलं, चांगलं होतं, पण त्यात दातांबद्दल एक ओळ नव्हती आणि फौजेतून पेन्शन आलेल्यांबद्दल तर अर्धी पण नव्हती म्हणून हे लिहितोय. मी नायब सुभेदार म्हणून पेन्शन आलो, आता घणसोलीत राहतो. आमच्या घणसोली-कोपरखैरणे पट्ट्यात सातारा, सांगली, कोल्हापूरकडची माणसं भरपूर, त्यामुळे संध्याकाळी गार्डनला गेलं की एकदोन माजी सैनिक भेटतातच, आणि सध्या ज्याच्या त्याच्या हातात कुठल्यातरी कंपनीचं रंगीत पत्रक असतं. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी गेला ना, तेव्हापासून एजंट लोकांना नवा हुरूप आलाय. "साहेब, आता स्वस्त झालंय, डेंटल पण कव्हर आहे, सही करा." साहेब म्हटलं की आमचा माणूस लगेच पेन काढतो, हे त्यांना बरोब्बर कळलंय.

तर मुद्दा एवढाच, की ज्याच्याकडे ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड आहे त्यानं फक्त दातांसाठी म्हणून पॉलिसी घेऊ नये, निदान आधी स्वतःकडे काय आहे ते बघावं. आणि ज्याच्याकडे ते कार्ड असणारच नाही अशी एक नवी पिढी, अग्निवीरांची, फौजेतून बाहेर येतेय, तिच्याबद्दल कोणीच बोलत नाही. ते शेवटी सांगतो.

सिव्हिलमधल्या वाचकांना एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही, फौजी साठीला रिटायर होत नाही. जवानाला पेन्शन 15 वर्षांच्या नोकरीवर बसते, हवालदार साधारण 24 वर्षांनी सुटतो, म्हणजे बरीचशी पोरं चाळिशीच्या आसपास घरी येतात. दात दुखायचं खरं वय तिथून पुढेच सुरू होतं, त्यात शुगर निघाली की हिरड्या आधी जातात. आणि तंबाखू. थंडीत, नाइट ड्यूटीवर, झोप येऊ नये म्हणून लागलेली सवय गावाकडे आली तरी सुटत नाही, हे मी कोणाला शिकवायला सांगत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. गंमत बघा, भरती होताना दात अक्षरशः मोजून घेतात. पूर्ण बत्तिशीला 22 डेंटल पॉइंट आणि निदान 14 लागतात, कमी भरले तर पोरगा तिथूनच घरी. नोकरीत असेपर्यंत दातांचा डॉक्टर आपल्या आर्मी डेंटल कोअरचा, पैशाचा प्रश्नच नाही. घरी येताना मात्र कोणी मोजत नाही. म्हणून जे आत्ता नोकरीत आहेत आणि वर्षदोन वर्षांत येणार आहेत त्यांना माझं पहिलं सांगणं, पेन्शनचे पेपर भरायला घ्याल तेव्हाच मिलिटरी डेंटल सेंटरला जाऊन तोंड पूर्ण दाखवा, कीड, रूट कॅनाल, अक्कलदाढ जे काय असेल ते तिथंच उरकून या. तिथं जे आयतं मिळतं त्यासाठी वाशीला किंवा ठाण्याला नौपाड्यात बाहेरच्या क्लिनिकमध्ये हजारो मोजावे लागतात.

आता ईसीएचएस. 1 एप्रिल 2003 ला ही योजना सुरू झाली आणि त्यानंतर पेन्शन आलेल्या प्रत्येकाचे पैसे एकदाच कापून घेतलेले आहेत, सध्याच्या रेटनं हवालदारापर्यंत 30 हजार, जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) 67 हजार, ऑफिसरांना 1 लाख 20 हजार. एकदा भरले की आयुष्यभर. दरवर्षी हप्ता नाही, वयाची अट नाही, जुना आजार चालतो, वेटिंग पीरियड नाही, बायको आहे, अवलंबून असलेली मुलं आहेत, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणारे आईवडील पण आहेत. आणि दात त्यात आहेत! पॉलिक्लिनिकमध्ये, म्हणजे ईसीएचएसच्या दवाखान्यात, डेंटल ऑफिसर असतो, दात काढणं, फिलिंग, साफ करणं तिथंच होतं, जे तिथं होत नाही त्याला एम्पॅनल असलेल्या, म्हणजे योजनेच्या यादीतल्या डेंटल सेंटरचं रेफरल मिळतं आणि बिल सीजीएचएसच्या (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या) रेटनं परस्पर जातं. सीजीएचएसच्या रेट लिस्टमध्ये रूट कॅनाल, कवळी सगळ्याचे वेगवेगळे रेट लिहिलेले आहेत. नुसतं दिसायला छान म्हणून करायचं असेल तर ते मिळणार नाही, आणि ते बरोबरच आहे. पण मी विचारून बघितलंय, आमच्यातल्या कित्येकांना वाटतं हे कार्ड म्हणजे हार्टचं ऑपरेशन नाहीतर कॅन्सर, दाढेसाठी कशाला लाईन लावायची. म्हणजे पैसे भरलेले आहेत, सोय आहे, आणि तरी वर्षाला पुन्हा दुसरीकडे हप्ता.

त्या दुसरीकडच्या हप्त्यात काय मिळतं ते पण नीट बघा. आपल्याकडं नुसती दातांची पॉलिसी फार कमी, बहुतेक वेळा हेल्थ पॉलिसीतच डेंटल हा शब्द कुठेतरी टाकलेला असतो. एजंट बोट ठेवून दाखवतो, बघा आहे ना. आहे, पण त्याच्या पुढची ओळ वाचायची. बहुतेक पॉलिसींमध्ये दाताचा खर्च मिळतो तो अपघातात जबडा-दात तुटून हॉस्पिटलात अ‍ॅडमिट व्हावं लागलं तर. सरकारी नियमानं सगळ्या कंपन्यांना द्यायला लावलेली आरोग्य संजीवनी पॉलिसी 2020 पासून आहे, तिच्यात आजारामुळे किंवा इजेमुळे लागलेली डेंटल ट्रीटमेंट धरलेली आहे, पण तीसुद्धा हॉस्पिटलायझेशनच्या खर्चात, आणि वर 5 टक्के को-पे आपल्या खिशातून. रूट कॅनालला कोण अ‍ॅडमिट होतं हो? खुर्चीवर बसतो, भूल देतात, तोंड वाकडं करून रिक्षानं घरी येतो. म्हणजे ओपीडी. आमच्या शेजारच्या विंगमधल्या एका माजी हवालदारानं दाढेच्या बिलाचा क्लेम टाकला होता, कंपनीनं दोन ओळींत नाही म्हणून कळवलं, आणि कागद काढून बघितले तर कंपनी कागदाप्रमाणे बरोबर होती, चुकीचं होतं ते विकणाऱ्याचं बोलणं.

काही पॉलिसींना ओपीडीचा रायडर, म्हणजे जास्तीचे पैसे भरून घ्यायचं जोड-कव्हर, मिळतो, त्यात खरंच फिलिंग, रूट कॅनाल बसतं. तिथं साधा हिशोब करायचा. समजा रायडरचे वर्षाला 4 हजार जास्तीचे जातात आणि दातांना वर्षाला 5 हजारांची मर्यादा आहे, पहिल्या वर्षी काही ट्रीटमेंट धरतच नाहीत, तर तुम्ही आपलेच पैसे कंपनीकडे ठेवून आपलेच परत मागताय. तेवढ्याची पोस्टात आरडी काढा. एवढं करून घ्यायचीच असेल तर चार गोष्टी तोंडी नाही, लेखी विचारा: अ‍ॅडमिट न होता दाताचा खर्च मिळतो का, वर्षाची मर्यादा किती, वेटिंग किती महिने, आणि घणसोली, ऐरोली, कळवा अशा आपल्या जवळच्या भागात कॅशलेस क्लिनिक कुठलं. पॉलिसी हातात आल्यावर 30 दिवसांचा फ्री लूक असतो, त्यात वाचून पटली नाही तर परत करता येते. वाचा मात्र, कपाटात ठेवून देऊ नका. आणि ज्यांची मुलं ऐरोलीच्या किंवा महापेच्या आयटी कंपन्यांत आहेत त्यांनी मुलाची ग्रुप पॉलिसी पण बघून घ्या, काहींमध्ये आईवडिलांना घेता येतं आणि ओपीडीत दात पण असतात.

ईसीएचएस म्हणजे सगळं गोडगोड आहे असं मी म्हणत नाही. गर्दी असते, डेंटलची तारीख लांबते, एम्पॅनल असलेली हॉस्पिटलं म्हणतात आमची बिलं थकलीत, ही रड जुनीच आहे. म्हातारी माणसं, विशेषतः वीरपत्नी आणि फॅमिली पेन्शनवर असलेल्या आमच्या वहिनी, ट्रेन बदलून रेफरलसाठी जातात ते बघवत नाही. पण ह्याच्यावर उपाय पॉलिसी नाही. नवी मुंबईकरांकडे तर दुसरा रस्ता घराशेजारी आहे आणि त्याची कोणी जाहिरात करत नाही: डेंटल कॉलेज. नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठ, कामोठ्याला एमजीएम. मुंबईला जायची तयारी असेल तर सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज आणि मुंबई सेंट्रलचं नायर. विद्यार्थी काम करतात पण डोक्यावर प्रोफेसर उभा असतो, वेळ लागतो, दोनचार खेपा जास्त होतात, पण खर्च खासगी क्लिनिकपेक्षा बराच कमी. आम्हाला पेन्शनरांना वेळेची कमी आहे का?

आता अमेरिकेचं थोडं सांगतो, कारण एका ओळखीच्यांचा मुलगा तिकडच्या नेव्हीतून रिटायर झालाय आणि त्याच्याशी बोलताना कळलं. तिकडे रिटायर सैनिकांसाठी ट्रायकेअरची (तिकडच्या फौजेच्या आरोग्य योजनेची) वेगळी डेंटल योजना होती, ती 31 डिसेंबर 2018 ला बंद केली आणि सगळ्यांना फेडविप नावाच्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या डेंटल-व्हिजन योजनेत जायला सांगितलं. तिथं हप्ता पूर्ण आपणच भरायचा, सरकार एक पैसा घालत नाही, पण अनेक कंपन्यांचे प्लॅन एकाच सरकारी वेबसाईटवर शेजारी शेजारी मांडलेले असतात, कशाला किती टक्के, वर्षाची मर्यादा किती, वेटिंग आहे का, सगळं दिसतं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये निवडायची मुदत असते, आणि नुकताच रिटायर झालेल्याला रिटायरमेंटच्या 31 दिवस आधीपासून 60 दिवस नंतरपर्यंत नाव घालता येतं. म्हणजे तिकडचा फौजी निवडतो, आपल्याकडं फौजीला गाठून विकतात. आपल्याला ईसीएचएस असल्यामुळे तशा योजनेची गरज मला वाटत नव्हती, पण आता वाटते, ती अग्निवीरांसाठी.

चार वर्षांच्या भरतीची अग्निपथ योजना जून 2022 मध्ये जाहीर झाली. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं 2026 च्या शेवटी आणि 2027 च्या सुरुवातीला पुरी होतात. त्यातले जास्तीत जास्त 25 टक्के कायम, बाकीची पोरं पंचविशीच्या आसपास घरी. सेवा निधीचे साधारण 11 लाख 71 हजार मिळतील, पण पेन्शन नाही आणि ईसीएचएस पण नाही. ह्या पोरांना मात्र पॉलिसी खरंच विकत घ्यावी लागणार आहे, आणि हातात एकरकमी पैसे असलेला पोरगा दिसला की एजंट कुठे कुठे उभे राहतील ते सांगायला नको. ठाणे जिल्ह्यातून, आमच्या साताऱ्यातून किती पोरं गेलीत ते सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्यासाठी संरक्षण खात्यानं एक ग्रुप पॉलिसी काढावी, हप्ता पोरांनी भरला तरी चालेल, पण मोठ्या संख्येमुळे रेट कमी पडेल, दात आणि ओपीडी त्यात स्पष्ट लिहून असावं आणि सुटायच्या आधी युनिटमध्येच फॉर्म भरून घ्यावा. तोपर्यंत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयानं निदान एक पानाची माहिती मराठीत छापून बोर्डावर लावावी, ईसीएचएसमध्ये दातांचं काय मिळतं आणि बाहेर पॉलिसी घेताना काय विचारायचं. हे पान तुमच्या पेपरनं छापलं तर आणखी बरं, मजकूर हवा असेल तर आम्ही घणसोलीतले चारपाच जण बसून लिहून देतो, बदल्यात चहा पण मागणार नाही.

आपला,
एक माजी नायब सुभेदार, घणसोली, नवी मुंबई
(नाव छापू नये ही विनंती, एजंट लोक घर शोधत येतील)