काकू, तुमचा मसाल्याचा डबा अजून माझ्याकडेच आहे

प्रिय काकू,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, जेवली का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. इथं तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही. नाव लिहीत नाही. नागपुरात नंदनवनातल्या आपल्या गल्लीला ते न लिहिताही कळेल.

मी रडत तुमच्या दारात आले होते तो दिवस आठवतो ना? मिहानमधल्या कॉल सेंटरात नोकरी लागून अकरा दिवस झाले होते. पलीकडचा अमेरिकन ग्राहक म्हणाला, "हँग ऑन", आणि मी फोन ठेवून दिला. त्याला म्हणायचं होतं, जरा थांबा. मला ऐकू आलं 'हँग अप'. शिफ्ट संपताना ते रेकॉर्डिंग सगळ्यांसमोर वाजवलं गेलं. तुम्ही आधी पदर तोंडाला लावून पोटभर हसलात (याबद्दल आभार नाहीत), मग म्हणालात, "अवं, आमच्या एक्स्चेंजमध्ये असं केलं असतं तं हेडफोनसकट बाहेर काढलं असतं मला. रडून काय राहिली? बस. चहा टाकते."

तुम्ही टेलिफोन ऑपरेटर होतात हे मला माहीत होतं, पण महालातल्या मराठी शाळेतून थेट परगावचे फोन जोडायच्या ट्रंक बोर्डावर बसलात आणि इंग्रजी निव्वळ कानानं शिकलात, हे त्या चहाबरोबर कळलं. माझ्याकडं तेव्हा सीताबर्डीच्या फूटपाथवरून आणलेलं शब्दांचं एक जाडजूड पुस्तक होतं. तीन वेळा 'ए'पासून सुरुवात करून 'सी'च्या पुढं कधी गेले नव्हते. तुम्ही ते चाळलं आणि म्हणालात, "यातला एक तरी शब्द तुझ्या गिऱ्हाइकानं वापरला का?" नव्हता वापरला. तो वापरायचा गेट, पुट, टेक, हँग. सगळे पाचवीतले शब्द.

(पुढं वाचनात आलं की मायकल वेस्ट या इंग्रज शिक्षकानं १९५३ साली सुमारे २,००० नेहमीच्या शब्दांची यादी छापली होती. बंगालमध्ये अनेक वर्षं शिकवलेला माणूस. तुम्हाला तो नक्की आवडला असता.)

मग तुम्ही फळीवरून जुना मसाल्याचा डबा काढलात. कॅलेंडरच्या जुन्या पानांच्या चिठ्ठ्या कापल्या. नवी चिठ्ठी पहिल्या वाटीत, रोज बघायची. आली की दुसऱ्या वाटीत, तीन दिवसांनी. मग तिसरीत, आठवड्यानं. चुकली की मुकाट्यानं परत पहिलीत. गावांचे कोड तुम्ही असेच पाठ केले होते म्हणे. जर्मनीत सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली कप्प्यांची हीच पद्धत पुस्तकात मांडली, हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही एवढंच विचारलं, "त्यांच्या चिठ्ठ्यांना हळदीचा वास येत होता का?"

चिठ्ठीवर सुटा शब्द लिहिला की तुम्ही फाडून टाकायच्या. "तो कोणासोबत नांदते ते लिही." म्हणून माझ्या चिठ्ठ्यांवर 'स्ट्राँग टी' आहे, कारण कडक चहाला कुणी 'हार्ड टी' म्हणत नाही. वाराही 'स्ट्राँग', पाऊस मात्र 'हेवी'. असं का, विचारलं तर म्हणायच्या, "आपण जेवण करतो अन् आंघोळही करतो, पण झोप घेतो. का बरं? त्यांचंही तसंच."

उच्चारांवर तुम्ही माझा जीव काढलात. आपल्याकडं 'व' एकच, त्यांच्याकडं दोन. एकाला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, दुसऱ्याला चूल फुंकताना करतो तसा ओठांचा चंबू. आपण लिहिताना 'व्हॅन' आणि 'वॉटर' असा फरक करतोच, बोलताना तेवढा विसरतो, ही तुमचीच टिप्पणी. (मग 'व्हिस्की' का लिहितो, हे मी विचारलं आणि काकांनी पेपर वर धरला.) आणि तो चमचा! 'फोटोग्राफ'मध्ये पहिल्या अक्षरावर ठोका, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्या, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्या. ओट्यावर त्याच्या खुणा राहिल्या. माझं इंग्रजी लोकांना कळत नव्हतं ते शब्दांमुळं कमी आणि ठोके चुकल्यामुळं जास्त, हे मला त्या चमच्यानं पटवलं.

खापरीला जाताना मेट्रोतल्या इंग्रजी घोषणेच्या मागोमाग पुटपुटायचं, तिचा आवाज संपायच्या आत आपला संपवायचा, हाही तुमचाच गृहपाठ. शेजारच्या बाईनं एकदा विचारलं, "कोणतं स्तोत्र म्हणून राहिली?"

एक तक्रार आहे, ती लिहितेच. तुमचं 'काइंडली डू द नीडफुल' (कृपया योग्य ते करावे) मी ग्राहकांना महिनाभर ऐकवलं. शेवटी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी अगदी प्रेमानं विचारलं की हा 'नीडफुल' कोण? काकू, ते इंग्रजी जुन्या फायलींतलं होतं. 'प्रीपोन', म्हणजे ठरलेली वेळ अलीकडं आणणं, हेसुद्धा तिकडं कुणाला समजत नाही. तेवढ्या दोन चिठ्ठ्या मी काढून टाकल्या आहेत.

आणि एक मात्र कायमची ठेवली आहे. त्यांचा 'मंगूज' हा आपल्या मुंगसावरूनच गेलाय, हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही खुर्चीत सरसावून बसला होतात. "म्हणजे ते आपल्याकडून घेतात अन् आपणच लाजतो का?" मग अनेकवचन विचारलंत. मी ठोकून दिलं, 'मंगीस'. गूजचं गीस होतं म्हणून. चूक निघाली, 'मंगूजेस' होतं. चिठ्ठी परत पहिल्या वाटीत.

मागच्या महिन्यात नवीन आलेल्या चार मुलींना मला शिकवायला सांगितलं. पहिल्याच दिवशी एकीनं 'हँग ऑन'वर फोन ठेवला. मी हसले नाही, तेवढं तुमच्यापेक्षा बरं केलं. चहा मात्र पाजला.

तुम्ही पुण्याला मुलाकडं गेल्यापासून डबा माझ्याकडं आहे. परवा तुमच्या सूनबाईंचा फोन आला होता, पाठवून दे म्हणाल्या, त्यांना मोहरी-जिऱ्याला हवाय. त्यांना कृपा करून सांगा, थोडं थांबा. तिसऱ्या वाटीत अजून चाळीस चिठ्ठ्या आहेत, आणि आता त्यांतल्या निम्म्या त्या मुलींच्या आहेत.

काकांना नमस्कार.

तुमची,
समोरच्या घरातली