बोडी आटली की कासव रस्त्यावर येतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी एकोणीस वर्षांपासून शाळेची व्हॅन चालवतो. फेटरी, गोरेवाडा, काटोल नाका हा माझा रोजचा फेरा. सध्या सकाळची शाळा असल्याने सहाच्या आत गाडी काढावी लागते. गेल्या मंगळवारी एका बोडीजवळच्या (बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं) उतारावर रस्त्याच्या मधोमध ताटली पालथी पडल्यासारखी दिसली. ब्रेक मारला. कासव होतं. शेवाळी पाठ, तिच्यावर पिवळे ठिपके, अंगावर सुकलेला गाळ.

मागून टिप्पर येत होता. मी चारही इंडिकेटर लावले, उतरून हात दाखवला. त्या ड्रायव्हरभावानं लगेच गाडी थांबवली, हे आवर्जून लिहितो. कासवाला दोन्ही हातांनी कडेनं, जरा मागच्या बाजूला धरून उचललं. त्यानं मान आत ओढली आणि पोटाखालच्या चामडी झडपा मागच्या पायांवर मिटून घेतल्या. त्याचं तोंड ज्या बाजूला होतं, त्याच बाजूच्या गवतात नेऊन सोडलं. गाडीतली सातवीतली पोरगी म्हणाली, "काका, बोडी तर मागे आहे, तिकडे सोडा ना!"

बहुतेकांना असंच वाटतं, म्हणून हे पत्र. ती बोडी आटली आहे. चैत्रात पाणी उतरलं की ही कासवं एकतर गाळात रुतून राहतात, नाहीतर दुसरं पाणी शोधायला निघतात. परत त्याच बोडीत सोडलं तर ते पुन्हा हाच रस्ता ओलांडायला येणार. त्याला पुढे न्यायचं, मागे नाही. आणि शेपटीला धरून उचलायचं तर मुळीच नाही.

पहिल्या पावसात गाळातली कासवं बाहेर पडतात. विदर्भात शाळाही जूनअखेरीसच उघडतात, त्यामुळे ती आणि माझी व्हॅन एकाच वेळी रस्त्यावर असतात. नंतर माद्या अंडी घालायला कोरड्या मातीकडे चढतात. मागच्या भादव्यात अशीच एक मादी चिरडलेली दिसली. बाजूला लहान लिंबाएवढी गोल, पांढरी अंडी. दोन फुटली नव्हती. त्या दिवशी शाळेपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही.

पूर्वी हा रस्ता डांबरी होता, शेताच्या पातळीला. आता सिमेंटचा झाला, हातभर उंच, आणि कडेला उभे दगड. रस्त्यात शिरलेल्या कासवाला ते दगड चढता येत नाहीत. ते कडेकडेनं चालत राहतं, आणि चाक तिथूनच जातं. रस्त्याखालून पाणी जायची जुनी मोरी आहे, पण बांधकामाच्या मलब्यानं अर्धी बुजली आहे. मी दोनदा लेखी अर्ज दिला. पोच मिळाली, पुढे काही झालं नाही. पेंचमधून जाणाऱ्या महामार्ग ४४ वर जनावरांसाठी खालून नऊ वाटा केल्या आहेत आणि वाघ त्या वापरतात. इथे तर मोरी आधीचीच आहे. ती साफ करावी, दोन-तीन ठिकाणी कडेचे दगड काढून उतार द्यावा आणि एक फलक लावावा, एवढीच विनंती आहे.

वाचकांनाही एक सांगतो. सापडलेलं कासव घरच्या विहिरीत सोडू नका. पाणी स्वच्छ राहतं, घराला बरं असतं, ही श्रद्धा मला माहीत आहे. आमच्या गावच्या विहिरीतही होतं. पण उभ्या भिंतींच्या विहिरीतून त्याला अंडी घालायलाही वर येता येत नाही. हे ठिपक्यांचं कासव १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पाळणं किंवा विकणं गुन्हा आहे, तुरुंगवास होतो. पाठ फुटली म्हणजे कासव मेलं असंही धरू नका. ओल्या गोणपाटात सावलीला ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. सेमिनरी हिल्सला उपचार केंद्र आहे.

पावसाला अजून दोन महिने आहेत. मोरी साफ करायला जेसीबीचा एक दिवस पुरतो.

आपला,
एक शाळा व्हॅनचालक, काटोल रोड, नागपूर