न दिसलेल्या दीर्घिकांची चौकशी करणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांवर काम करणाऱ्या आमच्या छोट्या गटाकडून हे जाहीर आभार. ईमेलमध्ये दोन ओळी लिहून भागलं असतं. पण सांख्यिकीचा सल्ला कशाला म्हणायचं आणि कशाला नाही, हे इतरांच्याही कानावर जावं म्हणून चारचौघांत लिहितोय.

कशाला नाही ते आधी. तुमच्याआधी आमच्या आकड्यांची फाइल ज्यांच्याकडे गेली, त्यांनी एकही प्रश्न न विचारता ती सॉफ्टवेअरमध्ये घातली आणि ‘पी 0.05 च्या खाली आहे, छापून टाका’ असं कळवलं (म्हणजे निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता 5 टक्क्यांहून कमी). दुसऱ्यांनी ख्यातनाम सांख्यिकीतज्ज्ञ फिशर यांनी 1938 मध्ये कोलकात्यात सांगितलेलं ऐकवलं, की प्रयोग उरकल्यावर सांख्यिकीतज्ज्ञाला बोलावणं म्हणजे शवविच्छेदन करून घेणं. एवढं बोलून वाटेला लावलं. फिशर बरोबरच होते. पण आकाश काही प्रयोगशाळेत पुन्हा मांडता येत नाही. हाती आलंय त्यातूनच वाट काढावी लागते.

तुमचा पहिलाच प्रश्न होता, ‘न दिसलेल्या कुठे आहेत?’

समजा 40 दीर्घिकांवर दुर्बीण रोखली आणि 23 रेडिओत दिसल्या. उरलेल्या 17 गाळल्या की सरासरी आपोआप फुगते, कारण गळतात त्या मुख्यतः मंदच. त्यांच्या जागी अप्पर लिमिटच्या, म्हणजे ‘तेज फार तर इतकं असेल’ या मर्यादेच्या, निम्मा आकडा टाकावा, असाही तोडगा आम्हाला सुचवला गेला होता. तो आकडा दीर्घिकेचा नसतो, टाकणाऱ्याचा असतो. तुम्ही सगळ्यांना तक्त्यात परत बसवलंत. एक जादा कॉलम, दिसली तर 1, नाही तर 0.

आणि मग नकाशा मागितलात. आकडे समोर असताना नकाशा मागणारं कुणी आम्हाला भेटलं नव्हतं. प्रिंटच्या कडेला बोट ठेवून विचारलंत, ‘इथला नॉइज मधल्याइतकाच का?’ नॉइज म्हणजे मोजमापातली खरखर. ती सगळीकडे सारखी नसते. बीमच्या, म्हणजे दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्राच्या, मध्यापासून दूर जाताना अँटेनाची संवेदनक्षमता घटते, आणि ती जिथे निम्मी होते तिथे दुरुस्तीनंतर नॉइज दुप्पट होतो. मधोमध नॉइजची पातळी (आरएमएस) 30 मायक्रोजान्स्की (रेडिओ तेज मोजण्याचं एकक) असेल तर तिच्या तिप्पट, म्हणजे 3 सिग्माची मर्यादा 90, त्या कडेला मात्र 180. सरसकट 90 लावलं तर कडेच्या दीर्घिका आहेत त्याहून मंद ठरतात, तेही पुराव्याशिवाय. प्रत्येकीच्या जागेभोवतीच्या रिकाम्या आकाशात नॉइज मोजून होईपर्यंत तुम्ही बसून राहिलात, आणि एकेका नावापुढे पेन्सिलीने खाली जाणारा बाण, म्हणजे ‘फार तर इतकं’ याची खूण, काढत गेलात. आभार कशाचे, तर त्या बाणांचे.

पुढचं गणित तसं जुनं. कापलान-मायर पद्धत 1958 ची, रुग्ण ‘निदान इतके दिवस’ जगला अशा नोंदींसाठी जास्त ओळखीची. आपली नोंद ‘फार तर इतकी तेजस्वी’ अशी उलटी. म्हणून तेजस्वितेचा लॉग एका मोठ्या अंकातून वजा करायचा, आर या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरच्या सर्व्हायव्हल पॅकेजला द्यायचा आणि उत्तर पुन्हा उलटायचं. तुमचे दोन इशारे मात्र प्रत्येकाने भिंतीवर लावावेत. सर्वांत लहान आकडा मर्यादेचाच असेल तर प्रचलित संकेत त्याला डिटेक्शन, म्हणजे खरोखर दिसलेलं, धरतो आणि सरासरी बिघडते, तेव्हा मध्यक (क्रमाने मधला आकडा) द्या. आणि मंद दीर्घिकांनाच मुद्दाम जास्त वेळ दिलेला असेल, तर मर्यादा आणि खरं तेज यांचा परस्पर संबंध नाही हे गृहीतकच कोसळतं.

आणि आमच्या आलेखातली रेडिओ आणि क्ष-किरण तेजस्वितेची ती देखणी सरळ रेषा! दोन्हींत अंतराचा वर्ग गुणलेला, त्यात फ्लक्सच्या, म्हणजे आपल्यापर्यंत पोचणाऱ्या तेजाच्या, मर्यादेमुळे दूरच्या फक्त तेजस्वी उरलेल्या. रेषा यायचीच. ‘छापून टाका’ हा निरोप हिच्याबद्दलच होता. अंतर हे तिसरं चल धरून तुम्ही आंशिक केंडल टाऊ, म्हणजे अंतराचा प्रभाव वगळून उरणाऱ्या संबंधाचं माप, काढलात, अक्रितास आणि सीबर्ट यांच्या 1996 च्या रीतीने, म्हणजे मर्यादाही हिशेबात आल्या. रेषा बरीच विरली. ते सांगताना तुमच्या बोलण्यात ‘बघा, सापडली चूक’ असा सूर तिळमात्र नव्हता. विद्वान पुष्कळ भेटतात हो. समोरच्याच्या विषयातलं आपल्याला कळत नाही ते खुर्ची ओढून विचारणारे, आणि त्याला कमीपणा न देता विचारणारे, विरळाच.

लेखकांच्या यादीत नाव नको, तक्ता मात्र पूर्ण छापा, एवढीच तुमची अट. 1 आणि 0 चा कॉलम, प्रत्येक जागचा नॉइज आणि आरची स्क्रिप्ट, सगळं शोधनिबंधासोबत जोडलं आहे.

निरीक्षणाच्या वेळेचा पुढचा अर्ज भरण्याआधीच यावेळी तुमच्याकडे येतो. तेवढ्याच तासांत जास्त दीर्घिका उथळ पाहायच्या की थोड्या खोल, हे ठरायचं आहे. नॉइज निम्मा करायचा तर वेळ चौपट लागतो, तो हिशेब मांडून आणतो. नकाशेही आणतो.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
गटातर्फे एक