कोट मारायच्या आधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र परवा मिळालं. इतकी वर्षं मनात धरलेला ट्रक अखेर तुझ्या दारात उभा राहिला, याचा मला किती आनंद झालाय म्हणून सांगू! तू विचारलंस, केबिनच्या फ्लोअरला कोणता वॉटरप्रूफ कोट मारू? याचं उत्तर एका ओळीत देता आलं असतं, पण ती ओळ वाचून तू लगेच ब्रश हातात घेशील. म्हणून हे लांबलचक पत्र. आत्ता कोणताच कोट मारू नकोस.

माझ्या पहिल्या ट्रकला मी हेच केलं होतं. केबिनमध्ये सतत कुबट वास यायचा. एक दिवस कार्पेट उचललं, खाली पत्रा तांबूस झालेला दिसला. वरवर तारेचा ब्रश फिरवला, जाड रबरी कोटाचे दोन हात मारले आणि वर नवी कोरी मॅट अंथरली. फ्लोअरच्या तळाला रबराची बुचं असतात, तीही कोटाखाली गेली. मला वाटलं, बरं झालं, भोकं कायमची बंद झाली. दोन वर्षांनी टाचेखालचा पत्रा दबतोय असं वाटायला लागलं. स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला, तर तो कोटासकट आरपार गेला. कोट चांगला शाबूत होता. ओढला तशी त्याची सालच्या साल हातात आली आणि तिच्या आतल्या अंगाला तपकिरी पापुद्रे चिकटलेले होते. तेवढंच काय ते लोखंड उरलं होतं. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, कारण त्या गाडीचं मी भलंच करायला गेलो होतो.

फ्लोअरवर वरून सांडणारं पाणी, बुटांचा चिखल हे सगळं दिसतं, पुसता येतं. पत्रा खाणारं पाणी निराळं. ते कार्पेटखालच्या फेल्टमध्ये किंवा स्पंजात मुरून बसतं. वरून कार्पेट हाताला कोरडं लागतं आणि खाली थर ओलागच्च असतो. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज धरणारच, आणि त्यात मीठ मिसळलं की तो दुप्पट जोमानं पळतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे रंगाला आतून फुगवून उचलतो. तू वरून कितीही भारी कोट मार, आत पाणी येत राहिलं तर तू फक्त एक टाकी बनवलेली असशील.

म्हणून आधी पाणी कुठून येतं ते शोध. कार्पेट पूर्ण बाहेर काढ आणि पत्रा सुकू दे. मग एकाला होज घेऊन बाहेर उभं कर आणि तू टॉर्च घेऊन आत बस. पाणी जोरात मारायचं नाही, नुसतं वाहू द्यायचं, आणि सुरुवात खालून करायची. आधी दाराचा खालचा भाग, मग दाराचं रबर, मग पुढच्या काचेची कड, शेवटी छत. प्रत्येक जागी काही मिनिटं थांबायचं. एकदम वरून सुरुवात केलीस तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि भोक कुठलं ते कळतच नाही. पत्र्यावर वर्तमानपत्राचे कागद पसर. पहिला थेंब कुठे पडला ते कागद लगेच दाखवतो.

दाराबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. खिडकीच्या काचेवरून दाराच्या पोटात पाणी जाणारच, दार तसंच बनवलेलं असतं. ते पाणी दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. दाराच्या आतल्या पॅनेलमागे प्लॅस्टिकचा एक पडदा चिकटवलेला असतो, तो हे पाणी केबिनकडे येऊ देत नाही. स्पीकर बसवताना किंवा खिडकीचं यंत्र दुरुस्त करताना कुणीतरी तो फाडतं आणि तसाच सोडतं. मग पाणी पॅनेलखालून सरळ फ्लोअरवर उतरतं आणि आपण मात्र काचेच्या रबराला दोष देत बसतो. माझ्या दुसऱ्या ट्रकला नेमकं हेच निघालं. नवा पडदा ब्यूटाइलच्या चिकट दोरीनं बसवला आणि तळाची भोकं तारेनं मोकळी केली, त्या दिवसापासून तो कोपरा कोरडाठाक आहे.

वायपरखालच्या जाळीत पाला साचतो तोही बघ. तिथलं पाणी तुंबलं की ब्लोअरच्या वाटेनं आत येतं. पाऊस नसताना, एसी चालवल्यावर डॅशबोर्डखाली ओल दिसली, तर एसीचं पाणी बाहेर नेणारी नळी चोंदली असेल. आणि ओल रंगीत, बोटांना तेलकट आणि गोडसर वासाची असेल तर ते पाणी नव्हेच. हीटरच्या जाळीतून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, गळतंय. ते विषारी असतं, मुलांना आणि जनावरांना तिथे फिरकू देऊ नकोस, आणि आधी ते काम करून घे.

गळती थांबली, मग पत्रा. सीट काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोड आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलंय तितका वेळ थांब. सीटखाली एअरबॅगचे पिवळे कनेक्टर असू शकतात. ते सुटे असताना किल्ली फिरवायची नाही. पत्र्यावर आवाज दाबण्यासाठी चिकटवलेले डांबरी पट्टे घट्ट असतील तिथे राहू दे, पण कडा सुटलेल्या असतील तर उचलून बघच, खाली ओल हमखास असते.

गंजाचे पापुद्रे खरवड आणि छोट्या हातोडीनं सगळीकडे टकटक करत जा. चांगला पत्रा खणखणीत बोलतो, सडलेला भदभद आवाज देतो. भोक पडलं असेल तर पुट्टी, फायबर, डांबर काही लावू नकोस. सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घे. सीट आणि सीटबेल्टचे बोल्ट त्याच फ्लोअरला धरून असतात, तिथे ठिगळ म्हणजे जिवाशी खेळ. जिथे नुसता वरवरचा, घट्ट बसलेला गंज उरलाय तिथे रस्ट कन्व्हर्टर लाव. तो गंजाशी संयोग करून काळा, स्थिर थर तयार करतो. स्वच्छ चकचकीत पत्र्यावर त्याचा उपयोग नाही, तिथे सरळ दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी प्रायमर, म्हणजे कोटाखालचा पहिला हात. प्रायमर वाळला की पत्र्यांच्या सांध्यांत सीम सीलर, म्हणजे सांधे बुजवणारी चिकट पेस्ट, भरायचा आणि बोटानं दाबून सारखा करायचा. आतला सीलर जुना होऊन तडकतो आणि सांधा खालून चाकांनी उडवलेलं पाणी वर ओढून घेतो. या कामात घाई करू नकोस. मला विचारशील तर सगळ्या कोटापेक्षा हा सीलर जास्त महत्त्वाचा.

आता तुझा कोट. ट्रकच्या मागच्या हौद्याला मारतात तोच पॉलियुरेथेनचा लायनर, म्हणजे जाड संरक्षक कोट, आत चालतो. प्रायमर पॉलिश पेपरनं खरबरीत कर, नाहीतर कोट धरणार नाही. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं त्यापेक्षा) किमान ३ अंश सेल्सिअस वर हवं, नाहीतर डोळ्यांना न दिसणाऱ्या दमटपणावरच कोट बसतो. एक जाड हात मारण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात मार. सीट आणि सीटबेल्टच्या बोल्टची भोकं, त्यांच्या बैठका, अर्थिंगच्या जागा आणि चेसिस नंबर टेपनं झाक. बुचं काढून ठेव, भोकांच्या कडांना कोट लाव आणि सगळं वाळल्यावर नवी बुचं बसव. आत पाणी सांडलंच तर तीच त्याची बाहेर पडायची वाट आहे.

मास्कबद्दल हात जोडून सांगतो. दोन भागांच्या पॉलियुरेथेनमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, त्यानं दमा जडू शकतो, आणि एकदा अंगाला ते मानवेनासं झालं की पुढे थोड्याशा वासानंही त्रास होतो. साधा धुळीचा मास्क पुरत नाही. डब्यावर सांगितलेला कार्ट्रिजचा मास्क घाल, हातमोजे घाल, दारं उघडी ठेव आणि जवळपास ठिणगी नको. स्प्रे मारायचाच असेल तर ते काम सरावलेल्या माणसाकडे दे. तू ब्रश आणि रोलरच वापर.

कोट पूर्ण मुरल्याशिवाय वर काही अंथरू नकोस. जुना फेल्ट परत घालू नकोस. बंद पेशींचा फोम घाल, तो पाणी पीत नाही. कार्पेटऐवजी उंच कडांची रबरी मॅट घेतलीस तर धुवून लगेच वापरता येईल. फक्त ड्रायव्हरची मॅट हुकात अडकलेली हवी आणि मॅटवर मॅट कधीच नको. मॅट अॅक्सिलरेटरमध्ये अडकण्याच्या धोक्यामुळे २००९ मध्ये टोयोटाला अमेरिकेत सुमारे ३८ लाख गाड्यांसाठी रिकॉल काढावा लागला होता, म्हणजे विकलेल्या गाड्या दोष दूर करायला परत बोलवाव्या लागल्या होत्या. बसवून झाल्यावर पेडल पूर्ण दाबून सोडून बघ.

सीटचे बोल्ट टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या पान्यानं) मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार आवळ आणि थोडं चालवल्यावर पुन्हा एकदा तपास.

कार्पेट काढलंस की खालचा फेल्ट आधी हातात घेऊन पिळ आणि किती पाणी निघतं, कोणत्या बाजूनं निघतं, ते मला कळव. पत्र्याचे फोटोही पाठव, चारही कोपऱ्यांचे. वेल्डिंग लागणार असं वाटलं तर कापायच्या आधी मला बोलाव, मी दोन दिवस काढून येतो. घरी सगळ्यांना नमस्कार सांग.

कळावे, लोभ आहेच.

तुझाच,
जुना मित्र